राणीला एक लेक घरात हवी होती

१८८४ साली मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत इंग्लंडच्या राणीने आपल्या शेंडेफळाशी अबोला धरला होता. बिॲट्रिस तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. रोज सकाळी ती आईसमोर न्याहारीला बसायची आणि आई तिच्याशी चकार शब्द बोलायची नाही. अगदीच काही सांगायचं असलं तर व्हिक्टोरिया चिठ्ठी लिहायची आणि टेबलावरून लेकीपुढे सरकवायची. लेकीचा गुन्हा एवढाच की, एप्रिलअखेर जर्मनीत डार्मश्टाटला भाचीच्या लग्नाला गेलेली असताना तिला नवऱ्यामुलाचा भाऊ आवडला, आणि तिने तो आवडल्याचं आईला सरळ सांगून टाकलं.

शेवटी राणी बधली, पण अट घालून. जावयाने प्रशियाच्या सैन्यातली नोकरी सोडायची, इंग्लंडला यायचं आणि सासूच्या घरात, सासूच्या नजरेसमोर राहायचं. म्हणजे आपल्या भाषेत घरजावई. बॅटनबर्गच्या हेन्रीने ते कबूल केलं आणि २३ जुलै १८८५ ला लग्न लागलं. दहा वर्षांनी या राजवाड्यातल्या रिकामपणाला कंटाळून त्याने हट्टाने पश्चिम आफ्रिकेतल्या अशांटी मोहिमेवर जायची परवानगी मिळवली, तिथे त्याला मलेरिया झाला आणि जानेवारी १८९६ मध्ये परतीच्या जहाजावर तो गेला. बिॲट्रिस पुन्हा आईची चिटणीस झाली.

आपल्याकडे आईबाप कौतुकाने सांगतात, ‘लेकीला अगदी राजकन्येसारखं वाढवलंय.’ केकवर मुकुट, फ्रॉकवर मुकुट, दप्तरावर मुकुट. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या राजघराण्यांचे कागद थोडे जरी चाळले तरी हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळावी. या मुलींच्या वाट्याला जी कोंडी आली ती आईबाप दुष्ट होते म्हणून आली, असं मला वाटत नाही. बहुतेक घरांत लाड होते, प्रेमही होतं. पण जो प्रेम करतो त्याच्याच हातात मुलीच्या लग्नाची परवानगी आणि तिच्या खर्चाच्या थैलीची दोरी असली, की ते प्रेम त्याच्या सोयीप्रमाणे वागू लागतं आणि त्याचं त्यालाही कळत नाही. राजकन्यांच्या घरी हे एवढं ठळक दिसतं, कारण तिथे परवानगीला कायद्याचं बळ होतं आणि थैली पार्लमेंटात मोजली जात होती.

या गोष्टीचं सगळ्यात पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे व्हिक्टोरियाच्या आजोबांचं घर. तिसऱ्या जॉर्जला पंधरा मुलं, त्यात सहा मुली. १७७१ साली राजाच्या भावाने एका विधवेशी परस्पर लग्न लावलं. राजा इतका संतापला की पुढच्याच वर्षी त्याने कायदा करून घेतला : राजघराण्यातल्या कुणाचंही लग्न राजाच्या संमतीशिवाय वैध ठरणार नाही. पंचविशी उलटलेल्यांना एक पळवाट ठेवली होती. प्रिव्ही कौन्सिलला नोटीस द्यायची, वर्षभर थांबायचं, आणि दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तर लग्न करायचं. कायदा झाला तेव्हा थोरल्या तिघी बाहुल्या खेळत होत्या आणि धाकट्या तिघींचा जन्मही व्हायचा होता.

कायदा उनाड भावांसाठी आणि होऊ घातलेल्या उनाड मुलांसाठी होता. मुलग्यांनी त्याला खुशाल वळसा घातला. थोरल्या युवराजाने १७८५ मध्ये एका कॅथलिक विधवेशी गुपचूप लग्न लावलं. तिसरा मुलगा, क्लॅरेन्सचा ड्यूक, एका नटीबरोबर वीसेक वर्षं संसार करून राहिला. त्यांना दहा मुलं झाली, ती फिट्झक्लॅरेन्स आडनावाने उघडपणे समाजात वावरली, आणि हा गृहस्थ पुढे चौथा विल्यम म्हणून गादीवरही बसला. त्याची बहीण सोफिया हिला १८०० साली चोरून मूल झालं, अशी नुसती कुजबुज उठली. ती कुजबुज तिच्या मरणानंतरही थांबली नाही. कायदा भावाबहिणींना एकच होता. पण वळसा घालायला घराबाहेर पडावं लागतं, आणि मुलींना विंडसरच्या बाहेर कुणी पडू देत नव्हतं.

त्यांचा दिवस कसा जायचा, तर आईच्या वेळापत्रकाप्रमाणे. भरतकाम, चित्रकला, आईला वाचून दाखवणं, आईबरोबर गाडीतून फेरफटका, संध्याकाळी विंडसरच्या टेरेसवर आईबापांच्या मागून रांगेने चालणं, आणि ती मिरवणूक बघायला आलेल्या लोकांकडे बघून हसणं. तिशी आली तरी हेच, चाळिशी आली तरी हेच. स्वतःच्या घराला त्या आपापसांत जोगिणींचा मठ म्हणायच्या. स्थळं येत होती. राजाचं उत्तर लांबणीवर पडायचं, मग स्थळ दुसरीकडे जुळायचं. राजाने स्वतःच एकदा मान्य केलं होतं की मुलींची लग्नं व्हावीत असं आपल्याला कधी मनापासून वाटलंच नाही. त्यांच्या सहवासात आपण सुखी आहोत आणि ताटातूट नको आहे.

बापाची बाजूही सांगितली पाहिजे. त्याची धाकटी बहीण कॅरोलाइन मटिल्डा पंधराव्या वर्षी डेन्मार्कच्या राजाला दिली होती. राजा वेडसर निघाला, ती दरबारातल्या वैद्यात गुंतली, १७७२ मध्ये वैद्याचं मुंडकं उडवलं गेलं, तिला पोटच्या मुलांपासून तोडून हद्दपार केलं, आणि तेविसाव्या वर्षी ती मेली. अशा घरात बापाने लेक परक्या देशात धाडायला कचरावं, हे समजू शकतं. पण मग देशातच देता आली असती. तिथे दर्जा आड आला. बाहेर पाठवायला माया आड येते आणि जवळ द्यायला मान आड येतो. दोन्हींची बेरीज शेवटी राजाच्या सोयीची झाली.

सगळ्यात धाकटी ॲमेलिया बापाच्या तैनातीतल्या मानकऱ्याच्या, चार्ल्स फिट्झरॉयच्या, प्रेमात होती. पंचविशी गाठली की नोटीस द्यायची, असं तिच्या मनात होतं. पंचविशी आली तेव्हा क्षयाने तिला धरलेलं होतं. नोव्हेंबर १८१० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. मरण्यापूर्वी आपल्या केसांची बट बसवलेली अंगठी तिने आंधळ्या होत चाललेल्या बापाच्या बोटात चढवली. आपलं जे काही होतं ते मृत्युपत्राने फिट्झरॉयला ठेवलं. राजाचा तोल त्याच सुमारास गेला तो कायमचा.

आता खरा मुद्दा येतो. बाप वेडा झाला, थोरला भाऊ कारभारी झाला, आणि १८१२ मध्ये पार्लमेंटने उरलेल्या चार अविवाहित बहिणींना स्वतःच्या नावाने तनखा बांधून दिला. त्याची खटपट चालू असताना सोफियाने भावाला आभाराचं पत्र लिहिलं. त्यात ती म्हणते की आम्ही म्हाताऱ्या म्हणजे तुझ्यावरचं ओझं, देशाच्या माळ्यावरची अडगळ. आम्हाला पोत्यात घालून थेम्समध्ये बुडवावं असा ठराव तू कसा मांडत नाहीस याचंच नवल वाटतं. पत्र लिहिणारी चौतीस वर्षांची होती. पण तनखा हातात पडल्यापासून घरातलं वारं बदललं. मुलींनी आईला लेखी कळवलं की यापुढे आम्ही अधूनमधून लंडनला जाऊ, भावाकडे राहू. आईने थयथयाट केला. मुली गेल्या. मेरीने १८१६ मध्ये चाळिसाव्या वर्षी चुलतभावाशी लग्न केलं. एलिझाबेथने १८१८ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी हेसे-होम्बुर्गच्या एका लठ्ठ, चिलीमबाज, कर्जबाजारी राजपुत्राला होकार दिला. लंडनच्या व्यंगचित्रकारांनी या घोडनवरीची मनसोक्त टिंगल केली. ती मात्र होम्बुर्गला जाऊन मजेत राहिली आणि आपल्या पैशातून तिने तिथलं पडझड झालेलं संस्थान सावरलं. तीस वर्षांच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते नावावरच्या तनख्याने चार-सहा वर्षांत झालं. आईबापांच्या हृदयपरिवर्तनाची वाट बघायची की मुलीच्या नावावर काही करायचं, या वादाचा निकाल मला तरी इथेच लागलेला दिसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. त्याच काळात लँकेशायरच्या गिरण्यांत आठ-दहा वर्षांच्या पोरी बारा-बारा तास राबत होत्या. १८४२ च्या कायद्याने मनाई होईपर्यंत बायका आणि मुली कोळशाच्या खाणीत रांगत गाड्या ओढत होत्या. त्यांना सोडून या रेशमातल्या बायांसाठी कशाला गळे काढायचे? काढू नयेच. दुःखांची तुलना करून राजकन्येला गिरणी कामगार मुलीच्या शेजारी बसवण्याचा प्रश्नच नाही. मी त्यांच्याकडे बघतो ते वेगळ्या कारणाने. गरिबाच्या मुलीची कोंडी दिसली की आपण चटकन म्हणतो, शिक्षण नाही, पैसा नाही, म्हणून असं झालं; घर सुधारलं की मुलगीही सुटेल. राजकन्यांच्या घरात पैसा होता, चार-चार भाषांचे शिक्षक होते, उत्तम डॉक्टर होते, आणि तरी मुलगी सुटली नाही. म्हणजे घराची श्रीमंती आणि मुलीची मोकळीक ही दोन वेगळी खाती आहेत. आपल्याकडच्या सुखवस्तू मध्यमवर्गाला हे कळायला अजूनही जड जातं.

मालकीहक्क असला तर काय फरक पडतो हे दाखवायला या सहाजणींच्या भाचीचं उदाहरण पुरेसं आहे. वेल्सची शार्लट ही युवराजाची एकुलती एक मुलगी, गादीची वारस. बापाने डच राजपुत्राशी तिचं लग्न ठरवलं. तिने वकिली चिकाटीने करारात कलम घालून घेतलं की माझ्या संमतीशिवाय मला इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, आणि तरीही मन घेईना तेव्हा १८१४ मध्ये लग्नच मोडलं. बापाने चिडून तिचे नोकर काढले, तिला कोंडायचं ठरवलं. ती घरातून निसटली, रस्त्यावर भाड्याची घोडागाडी पकडली आणि आईकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती एकटी रस्त्यावर आली असावी. पहाटेपर्यंत काका, वकील आणि बिशप तिची समजूत घालत होते, आणि सकाळी तिला परत जावंच लागलं. पण डच लग्न मोडलं ते मोडलंच. दोन वर्षांनी तिने आपल्या पसंतीच्या लिओपोल्डशी लग्न केलं. तिच्या आत्यांना असं बळ नव्हतं, कारण त्या कशाच्याच वारस नव्हत्या. अर्थात हा हक्क तिला बाळंतपणापासून वाचवू शकला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये पन्नास तासांच्या कळांनंतर मेलेला मुलगा जन्मला आणि काही तासांत तीही गेली. एकविसावं वर्ष होतं.

ती गेली म्हणून वारसासाठी धावाधाव झाली, म्हाताऱ्या काकांनी घाईने लग्नं केली, आणि त्यातून १८१९ मध्ये व्हिक्टोरिया जन्मली.

व्हिक्टोरियाबद्दल लिहिताना माझा हात थोडा अडतो, कारण या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत जास्त जाणती आहे. बंदिवास काय असतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. केन्सिंग्टनच्या राजवाड्यात आई आणि आईचा कारभारी जॉन कॉन्रॉय यांनी तिला वाढवलं ते असं की, जिना उतरताना कुणीतरी हात धरलेला असलाच पाहिजे, आणि रात्री झोपायचं ते आईच्याच खोलीत. २० जून १८३७ ला, अठरा वर्षं पुरी होऊन महिनाही उलटला नव्हता, ती राणी झाली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर आपला पलंग आईच्या खोलीतून हलवला. बंडखोरी म्हणतात ती हीच.

मग तिला पाच मुली झाल्या. थोरली व्हिकी लग्न होऊन बर्लिनला गेली, आणि मायलेकींचा हजारो पत्रांचा व्यवहार सुरू झाला. या पत्रांत राणी जे लिहिते ते वाचून चकित व्हायला होतं. पहिल्या गरोदरपणाच्या आनंदात लेकीने अमर आत्म्याला जन्म देण्याबद्दल काहीतरी भारदस्त लिहिलं, तर आई उत्तरते, मला बाई त्या वेळी आपण गाय किंवा कुत्रीच आहोत असं वाटतं. दुसरीकडे ती म्हणते की लग्नात बाई देहाने आणि मनाने नवऱ्याची गुलाम होते, आणि ते माझ्या घशाखाली उतरत नाही. १८५८-६० च्या सुमारास एवढं परखड लिहिणाऱ्या बायका युरोपात फार नव्हत्या. पण याच बाईने व्हिकीचा साखरपुडा बालमोरलला चौदाव्या वर्षी होऊ दिला आणि सतराव्या वर्षी तिला बोळवलं. दुसऱ्या मुलीने, ॲलिसने, डार्मश्टाटला आपलं बाळ दाईकडे न देता स्वतः अंगावर पाजलं. राजघराण्यातल्या बाईने असं करावं याची आईला इतकी किळस आली की बालमोरलच्या गोठ्यातल्या एका गाईचं नाव ‘प्रिन्सेस ॲलिस’ ठेवलं गेलं.

१४ डिसेंबर १८६१ ला आल्बर्ट वारला. ॲलिसचं लग्न आधीच ठरलेलं होतं. जुलै १८६२ मध्ये ते ऑस्बर्नच्या जेवणघरात उरकलं. राणीने स्वतःच लिहून ठेवलं की ते लग्नापेक्षा अंत्यविधीसारखं वाटत होतं. त्यानंतर लग्न हा विषय राणीच्या दुःखाचा आणि म्हणून तिच्या सोयीचा झाला. बेल्जियमचा राजा झालेल्या लिओपोल्डमामाला (शार्लटचा नवरा तो हाच) तिने स्पष्ट कळवलं : एक विवाहित मुलगी मला घरात हवीच आहे, दर वेळी मदतीसाठी इकडेतिकडे बघत बसणं मला जमणार नाही. त्याप्रमाणे तिसरी मुलगी हेलेना हिच्यासाठी, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, ना राज्य ना जहागीर असलेला क्रिस्टियान शोधला गेला. तो इंग्लंडमध्ये राहायला तयार होता; पसंतीचं मुख्य कारण तेच. बापाच्या मृत्यूच्या वेळी चार वर्षांची असलेली बिॲट्रिस तर राखीवच होती. तिच्यासमोर कुणी लग्नाचा विषयसुद्धा काढू नये, अशी ताकीद होती. चिठ्ठ्यांची ती सहा-सात महिन्यांची न्याहारी अशी वीस वर्षं शिजत होती.

सासूचा छळ सोसलेली बाई सुनेला छळते, हे आपल्याला नवीन नाही. पण व्हिक्टोरियाच्या बाबतीत सूड किंवा सवय एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. तिच्या लेखी ते प्रेमच होतं. एकटेपणा खरा होता, कामाचे ढीग खरे होते, बिॲट्रिसवर जीवही खरा होता. पण त्या जिवापोटी तिला काही सोडावं लागत नव्हतं. सोडायचं होतं ते लेकीने.

चौथी लुईझ हीच काय ती थोडी निसटली. तिने साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत शिल्पकला शिकली, आणि १८७१ मध्ये परदेशी राजपुत्राऐवजी स्कॉटिश सरदाराच्या मुलाशी, मार्क्विस ऑफ लॉर्नशी, लग्न केलं. राजाच्या मुलीने राजाच्या संमतीने प्रजाजनाशी लग्न करण्याची ही १५१५ नंतरची पहिली वेळ. आईने परवानगी दिली हे खरं, आणि युवराजाला तिने त्याचं कारणही पटवून दिलं : परकीय सोयरिकी आता घरात भांडणं लावतात, काळ बदलला आहे. याचा धडा तिला १८६६ मध्ये मिळाला होता. व्हिकी प्रशियात, ॲलिस हेसेमध्ये, आणि प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्या युद्धात ही दोन जर्मन राज्यं समोरासमोर. ॲलिस दिवसांत होती, नवरा आघाडीवर, मुलं इंग्लंडला आजीकडे पाठवलेली. आणि डार्मश्टाटमध्ये शिरलेलं सैन्य थोरल्या बहिणीच्या सासरचं. व्हिकीचा दोन वर्षांचाही न झालेला मुलगा त्याच जूनमध्ये मेंदूच्या तापाने गेला, आणि नवरा सैन्याबरोबर बाहेर होता. दोन देशांत सलोखा राहावा म्हणून ज्या मुली दिल्या जात, त्यांना सलोखा मोडताना कुणी विचारत नसे. व्हिकीला तर बर्लिनने शेवटपर्यंत ‘ती इंग्रजीण’ म्हणूनच वागवलं. १८८८ मध्ये तिचा नवरा सम्राट झाला तो नव्व्याण्णव दिवसांपुरता, घशाच्या कॅन्सरने मरता मरता. तो गेला त्या दिवशी तिच्या पोटच्या मुलाने, नव्या कैसरने, आईच्या राजवाड्याला सैनिकांचा वेढा घालून कागदपत्रांसाठी झडती घेतली.

या राणीच्या घरातल्या गोष्टीशी आपलाही एक धागा आहे. बिॲट्रिसचं लग्न जुलै १८८५ मध्ये लागलं. त्याच सप्टेंबरमध्ये मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजी भिकाजींचा रखमाबाईंवरचा दावा फेटाळला. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं. अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम सुटला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असं रखमाबाईंनी ठरवलं. एप्रिलमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये त्यांचं पत्र छापून आलं. व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचं ते पन्नासावं वर्ष. त्या निमित्ताने या आईने आपल्या लाखो भारतीय लेकींची हाक ऐकावी, आणि मुलाची वीस व मुलीची पंधरा वर्षं भरण्याआधी झालेलं लग्न कायदेशीर मानू नये एवढे शब्द हिंदू कायद्याच्या पुस्तकात घालावेत, अशी त्यांची मागणी होती. पोटच्या लेकीला लग्न करू द्यायला जिने सहा-सात महिने घेतले, तिच्याकडे मुंबईच्या सुतारसमाजातल्या एका मुलीने नको असलेल्या लग्नातून सुटका मागितली होती. या प्रकरणात राणीने हस्तक्षेप केल्याच्या गोष्टी आपल्याकडे आवडीने सांगितल्या जातात. प्रत्यक्षात १८८८ मध्ये खटला मिटला तो दादाजींना पैसे देऊन, आणि रखमाबाई लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या त्या स्वतःच्या हिमतीवर आणि मित्रांनी जमवलेल्या मदतीवर.

परवानगी मोडणाऱ्या राजकन्येला तुरुंगाची भीती नसे. तिच्यासाठी वेड्यांचं इस्पितळ होतं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला तीन मुली. एकुलता एक मुलगा नवव्या वर्षी गेला, आणि मुलींना गादी नव्हती म्हणून बापाने त्यांच्यावर जणू डूख धरला. थोरली लुईझ सतरा वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या नातेवाइकाला दिली. लग्न म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या रात्री घाबरून ती लाकेनच्या राजवाड्यातल्या काचघरात जाऊन लपली, असं तिनेच आठवणींत लिहिलं आहे. वीस वर्षांनी ती एका लेफ्टनंटबरोबर निघून गेली, कर्जं झाली, कर्जाच्या वचनचिठ्ठ्यांवर खोट्या सह्यांचं प्रकरण झालं. लेफ्टनंट तुरुंगात गेला. लुईझला १८९८ मध्ये वेडी ठरवून कोंडलं. नवरा, बाप आणि व्हिएन्नाचा दरबार, तिघांनाही ते सोयीचं होतं. १९०४ मध्ये त्याच लेफ्टनंटने तिला पळवून नेलं, आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बाई शहाणी आहे. ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची बहीण सोफी हिलाही १८८७ मध्ये एका विवाहित डॉक्टरशी संबंध जुळल्यावर ग्रात्सच्या मानसोपचार संस्थेतच पाठवलं होतं. लिओपोल्डची धाकटी मुलगी क्लेमेंटाइन शहाण्यासारखी घरी थांबली. तिला नेपोलियनच्या घराण्यातला व्हिक्टर हवा होता, बाप नको म्हणत होता. डिसेंबर १९०९ मध्ये बाप मेला. १९१० मध्ये अडतिसाव्या वर्षी तिने लग्न केलं. या मुलींना वारसा मिळू नये म्हणून लिओपोल्डने कंपन्या आणि न्यास यांच्या जाळ्यात पैसा दडवला, आणि मुली कोर्टात गेल्या. इथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. तो पैसा आफ्रिकेत लिओपोल्डच्या ताब्यात असलेल्या काँगोतल्या रबराचा होता. तो गोळा करताना लोकांचे हात तोडले जात होते. मुली हक्काचं म्हणून जे मागत होत्या ते मुळात बापाचंही नव्हतं.

तिसऱ्या जॉर्जचा १७७२ चा तो लग्नाच्या संमतीचा कायदा रद्द झाला कधी? २०१५ साली. २०१३ मध्ये ब्रिटनने वारसाहक्काचा नवा कायदा केला, तो दोन वर्षांनी लागू झाला. त्यात मुलगा-मुलगी भेद गेला, आणि लग्नाच्या संमतीची अट गादीच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांपुरती उरली. म्हणून २०१८ मध्ये राजपुत्र विल्यमच्या धाकट्या मुलाचा, लुईचा, जन्म झाला तेव्हा बहीण शार्लट रांगेत त्याच्या पुढेच राहिली. व्हिकी ही व्हिक्टोरियाची पहिली मुलगी असूनही वर्षभरात भाऊ जन्मल्याबरोबर मागे सरकली होती. आईबापांची माया १८४० च्या मानाने २०१८ मध्ये वाढली असं म्हणायला काही पुरावा नाही. कागद बदलला.

सगळीकडे तोही बदललेला नाही. स्पेनमध्ये १८३० साली सातव्या फर्नांडोने लेकीसाठी नियम फिरवला, आणि तीन वर्षांचीही नसलेली इसाबेल राणी झाली. ते मान्य नसलेल्या काकाने सात वर्षं युद्ध केलं. ज्या मुलीसाठी एवढं रक्त सांडलं, तिचं लग्न मात्र लंडन आणि पॅरिसच्या मुत्सद्द्यांनी घासाघीस करून ठरवलं. १० ऑक्टोबर १८४६ ला, सोळाव्या वाढदिवशी, तिला नको असलेल्या चुलतभावाशी तिचं लग्न लावलं. त्याच मांडवात चौदा वर्षांची बहीण फ्रेंच राजाच्या मुलाला दिली. फ्रान्सचा हिशेब असा की राणीला या नवऱ्यापासून मूल होणार नाही आणि गादी बहिणीच्या मुलांकडे येईल. तो चुकला, कारण राणीला मुलं झाली. त्याच देशाच्या १९७८ च्या राज्यघटनेत सत्तावन्नावं कलम आहे. त्याप्रमाणे आजही मुलगा मुलीच्या आधी येतो. सध्याच्या राजाला दोन मुलीच आहेत, म्हणून थोरली लिओनोर वारस आहे आणि प्रश्न उठत नाही. राजा फेलिपे स्वतः मात्र तीन भावंडांतला सगळ्यात धाकटा. एलेना आणि क्रिस्तिना या दोघी त्याच्या थोरल्या बहिणी.